हेल ऐकायला आलेला माणूस

कुणी गेल्याची बातमी ऐकून ज्याच्या तोंडावर तेज यायचं असा सज्जन माणूस उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला, आणि तो चार वर्षं माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. सकाळी चहाचा कप घेऊन तो जिना उतरायचा आणि माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडे मान लांब करून विचारायचा, "आज कोण?" लोक पाऊसपाणी विचारतात, तुरीचा भाव विचारतात, हा निधनवार्ता विचारायचा. त्यातही शहरातल्या निधनांत त्याला गोडी नव्हती. बीदरमधल्या एखाद्या निवृत्त इंजिनिअरची बातमी फोटोसकट छापून आली की तो हिरमुसून मान हलवायचा, कारण इंजिनिअरच्या घरच्या बायका रुमालात तोंड घालून नुसते हुंदके देणार, हे त्याला अनुभवाने माहीत झालं होतं. खेड्यातलं मयत म्हटलं की मात्र चहा अर्धा टाकून तो चपला शोधायला लागायचा. औरादची पहिली बस किती वाजता, बसवकल्याणची किती वाजता, कुठल्या बसला गर्दी कमी, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

तो ग्रीक होता. खरं नाव लांबलचक होतं, ते बाजूलाच राहिलं आणि सगळी गल्ली त्याला गिरीकसाब म्हणू लागली. वय साठीच्या पुढे, उंची आमच्या दाराच्या चौकटीपेक्षा दोन बोटं जास्त, त्यामुळे कपाळावर कायम एक टेंगूळ. तो संगीत रचणारा होता आणि संगीताचा पंडितही होता. तरुणपणी घर सोडलेला हा माणूस तीन-चार देशांत शिकवून, फिरत फिरत आमच्या या लाल मातीच्या पठारावर येऊन पोहोचला होता. त्याचा विषय एकच, बायकांचं रडणं. मेलेल्या माणसापाशी बसून, त्याच्याशी बोलत बोलत, हेल काढून बायका रडतात ना, ते. त्याच्या मुलुखात समुद्राकाठच्या गावांतून अशाच बायका अशाच रडतात म्हणे. आमच्या सीमेवर एकाच मयताला मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत हेल निघतो, आणि एक बाई थांबली की दुसरी आपल्या भाषेत तोच धागा पुढे नेते, असं त्याने कुठे तरी वाचलं होतं. चाळीस बायकांच्या आवाजासाठी एक मोठी रचना करायची, त्यात हे सगळं आणायचं आणि मग मरायला मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत होता. आमच्या मंडळी, म्हणजे माझी बायको, त्या रचनेला 'रडगाणं' म्हणायच्या. त्याला तो शब्द इतका आवडला की त्याने वहीवर तोच लिहून टाकला.

परदेशी माणूस म्हणून पोलिसांकडे त्याची नोंद करायला मीच घेऊन गेलो होतो. शिपायाने विचारलं, धंदा काय? गिरीकसाबाने छातीला हात लावून सांगितलं, "लोक रडतात. मी ऐकतो." शिपाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "सर, डॉक्टर हैत का?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. त्याच्याकडे दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट होत्या.

त्याच्या कानांनी आम्हाला फार छळलं. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोन शिट्ट्यांपेक्षा किंचित उतरते, हे त्याने आम्हाला दाखवून दिलं, आणि तेव्हापासून गेली कित्येक वर्षं ती आम्हाला उतरलेलीच ऐकू येते. सकाळी हवाई दलाची विमानं डोक्यावरून गेली की तो गच्चीत उभा राहून त्यांच्यावर डोळे वटारायचा, कारण त्यांच्या घरघरीने कोपऱ्यावरच्या बिदरी कारागिराची ठोकठोक बुडून जायची. त्या कारागिरापाशी तो तासन् तास बसायचा. काळ्या सुरईवर चांदीची तार ठोकताना चाचांचा हात कधी थांबतो, कधी दोनदा पडतो, हे तो वहीत टिपून घ्यायचा. शेवटी चाचा माझ्याकडे तक्रार घेऊन आले, "मास्टरसाब, ये गोरे साब मेरे ठोके गिन रैं. मेरेकू अब ठोकतेच शरम आरी." मी गिरीकसाबाला ते सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, काल दुपारपासून ठोके बदलले होते ते यामुळे तर!

पण खरी मौज त्याच्या मराठीची. ती तो इथेच शिकला, आणि शिकवायला होत्या फक्त मयतातल्या बायका. चार वर्षं त्याने जे ऐकलं, लिहून घेतलं, घोकलं, ते सगळं हेलातलं. त्यामुळे त्याचं साधं बोलणंही काळजाला घरं पाडणारं असायचं. भाजीवालीसमोर बसून तो म्हणायचा, "अगं माझे माय, कांदे कसे दिलेस गं?" ती बिचारी पहिल्यांदा पदराने डोळे पुसून पाव किलो जास्त घालायची, पुढे सवय झाली. वीज गेली की वरून हाक यायची, "माझा उजेड गेला गं, आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू!" आमच्या घरी नवीन आलेला पाहुणा या हाकेने ताडकन उठून उभा राहायचा आणि मग मंडळी त्याला शांतपणे सांगायच्या, "काही न्हाई, करंट गेलाय." हेलात सगळ्यांना अरे-तुरेच असतं, मेलेल्याला कोण अहो-जाहो करतं? म्हणून गिरीकसाबाच्या तोंडात 'तुम्ही' हा शब्द कधी आलाच नाही. एकदा एका शाळेच्या कार्यक्रमात आलेल्या मोठ्या साहेबांनी निरोप घेतला, तेव्हा हा पुढे होऊन त्यांचा हात धरून म्हणाला, "इतक्यात कुठं निघालास रे राजा, आम्हाला सोडून?" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गाडीत बसले तरी मागे वळून बघत होते.

मयताच्या घरी मात्र तो फार अदबीने वागायचा. दारात टोपी काढायची, चपला लांब ठेवायच्या, पुरुषांत जाऊन खाली मान घालून बसायचं, आणि ते छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र घरच्या माणसाला विचारल्याशिवाय पिशवीतून काढायचं नाही. कधी कुणी नाही म्हटलं तर तो नुसता बसून यायचा. त्याचा तोल फक्त एकदाच गेला, कोहिनूर नावाच्या गावात. एका शेतकरी घरातली म्हातारी गेली होती, हेल रंगात आला होता आणि बाहेरच्या रस्त्याने ट्रॅक्टर धडधडत आला. गिरीकसाब उठला, रस्त्यात मधोमध जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. एवढा उंच गोरा माणूस बघून ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बंद केला. मागे दुसरा थांबला, मग एक जीप, मग दूधवाल्याची फटफटी. पाव तास कोहिनूरचा रस्ता चिडीचूप. कुणाला काही विचारायचं धाडस झालं नाही. म्हातारीच्या मातीला सरकारने गाड्या थांबवल्या, असं त्या घरात अजून सांगतात. पुढे पुढे तर लोक मला गाठून म्हणायचे, "सर, आमच्या आज्याचं काही खरं न्हाई. गिरीकसाबाला घेऊन या बरं का."

माझी थोरली बहीण, अक्का, औराद तालुक्यात चिंताकीला राहते. वय सत्तरीचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरं हैदराबादला. अक्कासारखा हेल आसपासच्या गावांत कुणाचा नाही. आम्ही बौद्ध, पण मयत कुणाच्याही घरचं असो, पाटलाच्या का असेना, अक्काला बोलावणं यायचंच. मी गिरीकसाबाला तिच्याकडे घेऊन गेलो तेव्हा त्याने खाली बसून थेट हात जोडले, "अक्का, माझे माय, एकदा रडून दाखव गं."

"कामून?" अक्का म्हणाली. "कोण मेलंय?"

"कुणी नाही. मला ऐकायचंय."

"कुणी मेलं न्हाई आन मी गळा काढू? घरावर इघ्न आणायलास का रं अण्णा? आरं, ते गाणं न्हाई, म्हण म्हटलं की म्हणायला. माणूस जातंय तवा ते येतंय. न्हाईतर न्हाई येत."

गिरीकसाबाने ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले आणि मग तो वाट बघत बसला. दर पंधरवड्याला चिंताकीला जायचा, अक्काजवळ शेंगा फोडत बसायचा, आणि जाता जाता गावातल्या म्हाताऱ्यांची तब्येत अशा आपुलकीने विचारायचा की म्हातारे पारावरून उठून घरात जायचे. अक्का आधी कातावली, मग हसायला लागली, मग तिला त्याचा लळा लागला. तिचं सगळं आयुष्य त्याने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं. एकदा ती मला म्हणाली, "लई ऐकतो रं ह्यो. एक शबूद मधी टाकीत न्हाई. तुझ्या दाजीनं एक दिस आसं ऐकलं आसतं तर माझा जलम सोन्याचा झाला आसता."

त्याच्या आठवड्यात एक वेळ अशी होती की मयताचं बोलावणं आलं तरी तो हलायचा नाही. रविवारी दुपारी चार वाजता तो आपल्या आईला फोन करायचा. तिकडे तेव्हा जेवणं उरकायची वेळ. आई समुद्रातल्या एका बेटावर एकटी राहायची, नव्वदीला आलेली. चार वाजले की वरून त्याचा आवाज सुरू व्हायचा, मोठ्याने, भरभर, मध्ये एकटाच हसायचा. आम्हाला ग्रीक कळत नव्हतं, पण त्यातले चिंताकी, अक्का, चटणी हे शब्द ओळखू यायचे. पाऊण तास हे चालायचं. आमची मंडळी मला ऐकवायच्या, "बघा, काय गप्पा रंगल्यात मायलेकराच्या. न्हाईतर आपला पोरगा पुण्याहून दोन मिन्टं बोलतोय आन ठेवतोय."

ते खरं काय होतं, हे आमची आई गेली तेव्हा कळलं.

आईने चिंताकीला, अक्काच्या घरीच प्राण सोडला. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांना ऊर बडवून रडणं, गळा काढणं अजिबात खपत नसे. आपण ते सगळं मागे टाकलंय, आता शांतपणे वंदना घ्यायची, असं ते सांगायचे. मी तर त्यांचा मास्तर मुलगा, विहाराच्या कामात पुढे असलेला. सगळा गाव जमला, अक्काने आईचं डोकं मांडीवर घेतलं, तिचा पहिला हेल गळ्यात आला तोच मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "अक्का, न्हाई. बाबांना आवडायचं न्हाई." अक्काने माझ्याकडे बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात घातला. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतलं. सगळं फार शिस्तीत झालं, लोकांनीही तसं बोलून दाखवलं. गिरीकसाब पहिल्या बसने आला होता आणि एका कोपऱ्यात बसून होता.

दोन दिवसांनी परतताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तू अक्काच्या तोंडावर हात ठेवलास." मी आधीच दुखावलेला, भडकलो. म्हणालो, तुम्हाला तुमचं रेकॉर्डिंग मिळालं नाही म्हणून एवढं लागलंय, आमच्या घरचं दुःख आम्ही कसं करायचं ते आम्ही बघू.  त्याने आपली पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. आत एक सदरा, पाण्याची बाटली आणि आमच्या मंडळींनी बांधून दिलेली भाकरी. यंत्र तो घरीच ठेवून आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो आपणहून बोलायला लागला, त्याच्या त्या हेलाच्या मराठीत, खिडकीबाहेर बघत. त्याचे वडील गेले तेव्हा तो तिशीतला होता, नुकतं नाव व्हायला लागलं होतं. आई वडिलांपाशी रात्रभर रडली. मेलेल्या नवऱ्याला बायको जे जे बोलते ते सगळं बोलली. लग्नातलं, भांडणातलं, अंथरुणातलं. आणि याने खाटेखाली यंत्र लपवून ते सगळं टिपून घेतलं. त्यावर रचना केली, मोठमोठ्या सभागृहांतून वाजली, त्या एका रचनेवर त्याला सगळं मिळालं. वर्षभराने आई स्वयंपाकघरात मासे साफ करत होती आणि रेडिओवर तिचाच आवाज लागला. सगळं बेट ऐकत होतं. हा घरी गेला तेव्हा त्याचे कपडे भरलेली पेटी दाराबाहेर ठेवलेली होती. "मी माझ्या मायचं रडणं चोरलं रे राजा," तो म्हणाला. त्या दिवसापासून आई त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. दोनदा गेला, तिने दार उघडलं नाही. फोन मात्र उचलायची. दर रविवारी उचलायची, काही बोलायची नाही, आणि हा बोलून दमला की ठेवून द्यायची. पंचवीस-तीस वर्षं हे असं चाललं होतं. तिने एकदा तोंड उघडावं, एवढंच त्याला हवं होतं. शिवी दिली तरी चालेल म्हणाला. मी विचारलं, "मग पाऊण तास तुम्ही एकटेच काय बोलता?" तर म्हणाला, "जे सुचेल ते. थांबलो तर ती ठेवून देईल, याची भीती वाटते."

घरी आल्यावर मी हे मंडळींना सांगितलं. त्यानंतर रविवारी चार वाजले की आमच्या घरात टीव्ही बंद, मिक्सर बंद. आम्ही दोघं नवरा-बायको खाली जीव मुठीत धरून बसायचो. पाऊण तासाने तो जिना उतरायचा, मंडळी दारात उभ्याच असायच्या. "बोलली का वं माय आज?" तो मान हलवायचा. मग मंडळी त्याला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "म्होरल्या आयतवारी बोलंल." दुसऱ्यासाठी एवढ्या विश्वासाने आशा धरलेलं मी कुणाला पाहिलं नाही.  मला कधी कधी त्या म्हातारीचा राग यायचा, आणि कधी तिचं बरोबरच आहे असं वाटायचं. मयताच्या घरी हा माणूस एवढा विचारून, वाकून, नम्र होऊन कशासाठी वागतो, हेही तेव्हा कळलं.

एका मंगळवारी सकाळी तो खाली आला. चहाचा कप हातात नव्हता, पेपरकडेही बघितलं नाही. सरळ उभा राहून म्हणाला, "माझ्या आईचे आज पहाटे निधन झाले." चार वर्षांत तो पहिल्यांदा असं वर्तमानपत्रातलं मराठी बोलला. त्यात माय नव्हती, राजा नव्हता, काही नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशीच पुरणार होते. इथून हैदराबाद, तिथून दोन विमानं आणि मग बोट. तो पोहोचणं शक्यच नव्हतं. हे सगळं त्याने नीट समजावून सांगितलं, वर गेला आणि कपडे धुवायला बसला. दुपारपर्यंत धूत होता. धुतलेलेच परत धूत होता. आमच्या मंडळींनी मला न विचारताच गॅस बंद केला. म्हणाल्या, "वरी मयत हाय, मी सैपाक कसा करू?"

दुसऱ्या दिवशी अक्का आली. चिंताकीच्या दोघी बायका बरोबर, फडक्यात भाकरी आणि डब्यात पिठलं, कारण मयताच्या घरात चूल पेटत नाही. गच्चीत सतरंजी टाकली. गिरीकसाब भिंतीला टेकून बसला. अक्का त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता सांग. कशी हुती तुझी माय?"

त्याला आधी कळेना. अक्का म्हणाली, "आरं, मी बघितली न्हाई तिला. ठावं नसलं तर रडू कशी? काय करायची, काय खायची, हात कसं हुतं तिचं, समदं सांग."

मग तो सांगू लागला. शेळ्या होत्या तिच्या. तोंडात बोटं घालून शिट्टी मारायची, डोंगरावरून शेळ्या खाली यायच्या. लिंबाची झाडं होती. माशांना मीठ लावून लावून हात फाटायचे. सगळ्यांना वाढून झालं की उभ्या उभ्या जेवायची, कुणी बस म्हटलं तर चिडायची. डावा गुडघा दुखायचा. सांगता सांगता मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "पुढचं मला माहीत नाही. पुढचं मी पाहिलं नाही."

"बास," अक्का म्हणाली. तिने पदर डोक्यावरून ओढला आणि तिचा हेल निघाला. "कुठं गेलीस गं माझे बाई, शेळ्या डोंगरावर उभ्या हायती गं, आता शिट्टी कोण घालंल गं... मिठानं फाटलं हात तुझं, त्यास्नी तेल कोण लावंल गं... उभ्यानं जेवलीस, उभ्यानं गेलीस, माझे माय, घडीभर बसली न्हाईस गं..." अक्काने समुद्र जन्मात पाहिलेला नाही. पण त्या दुपारी बीदरच्या आमच्या गच्चीत ती म्हातारी आमच्यासमोर उभी होती, फाटक्या हातांची. चिंताकीच्या बायकांनी धागा उचलला, एकीने तेलुगूत. कोपऱ्यावर चाचांची ठोकठोक बंद पडली. गिरीकसाब डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याचं एक बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. ते त्याच्या लक्षात आलं तसा त्याने तो हात मांडीखाली घातला आणि हातावर दाबून बसला.

केव्हा तरी अक्काचा हेल वळला. कुठे वळला ते मला कळलं नाही. शेळ्या गेल्या, लिंबं गेली आणि तुरीचं रान आलं. "उन्हातान्हात तुरी कापल्यास गं माय, मास्तराला शिकविलंस गं... डोकं मांडीवर घेऊन बसले मी तुझं, तुझ्या मास्तरानं मला रडू दिलं न्हाई गं, मुक्यानं लावून दिली मी तुला..." मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. तिथेच भिंतीला डोकं लावलं आणि लहान पोरासारखा रडलो. माझं चुकलं होतं. वडील चुकले असं मी म्हणत नाही, पण मी चुकलो होतो. कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला. वर बघितलं तर गिरीकसाब. त्याचे डोळे कोरडे होते.

बायका पाणी प्यायल्या, तेव्हा अक्का त्याला म्हणाली, "तू बी बोल की रं अण्णा. आमी संगं हाओत." त्याने तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. मग म्हणाला, "मला येत नाही, अक्का. एवढी वर्षं ऐकतोय, मला येत नाही."

चाळिसाव्या दिवशी त्यांच्यात गहू शिजवून, त्यात साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून देवळात वाटतात, त्यासाठी म्हणून तो गेला. परत येतो म्हणाला होता. आला नाही. आईच्या घरात राहतो, शेळ्या आता तोच सांभाळतो. रडगाण्याच्या वह्या वरच्या खोलीत तशाच आहेत, त्यांचं काय करू असं विचारलं तर चाचांना सुरया गुंडाळायला दे म्हणाला. मी दिल्या नाहीत.

गेल्या पंधरवड्यात त्याचं मोठं पत्र आलं, मोबाइलवर, मराठीत. त्याची एक चुलत बहीण आहे, शेवटची काही वर्षं तिने आईचं सगळं केलं. इतके महिने ती याच्याशी नीट बोलत नव्हती, आता बोलू लागली आहे. तिने सांगितलं की रविवारी सकाळी आई तिच्याकडून केस विंचरून घ्यायची, धुतलेला काळा झगा घालायची आणि जेवण झाल्याबरोबर फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. फोन वाजला की दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पाय सुजले तरी, ताप असला तरी. फोन ठेवल्यावर कधी कधी तिचे ओठ हलत असायचे. एवढं लिहून खाली त्याने लिहिलं होतं, "हे अक्काला वाचून दाखव रे राजा, आणि ती काय म्हणते ते मला कळव."

मी रविवारीच चिंताकीला गेलो. अक्का दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळं वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"दर आयतवारी?"

"दर रविवारी."

"केस इंचरून?"

"हो."

तिने सूप बाजूला सारलं. मग एकदम चिडली, डोळ्यांत पाणी आणून चिडली. "आन ह्यो येडा नुस्ता बोलतच बसायचा न्हाई का! आमच्या शेंगा आन तुमच्या चटण्या. साऱ्या मुलखाचं ऐकून घेतलं आन मायपाशी तोंड मिटंना त्याचं. आरं, दोन घटका गप ऱ्हायला आसता, तर बोलली आसती की रं ती."

पत्राचं उत्तर मी लिहायला घेतलंय. पावसाचं लिहिलं, मंडळींचा नमस्कार लिहिला, चाचांच्या दुकानाच्या नव्या पाटीचं लिहिलं. मग 'अक्का म्हणाली' एवढं लिहितो आणि मोबाइल बाजूला ठेवतो. आज आठ दिवस झाले.